अंगणातून खिडकीत : घरातल्या झाडांचा थोडा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला व्याख्यानाला बोलावलं, की लोकांची अपेक्षा ठरलेली असते. शंकराचार्य येतील, फार तर कांट येईल. संयोजकांना आम्ही विषय कळवला, 'घरात कुंडीत लावलेली झाडं', तेव्हा फोनवर क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, पैनगंगेचं जंगल इथून जवळ, गावात निम्म्या लोकांना शेती. ढाणकीत कुंडीवर काय बोलणार?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणूनच हे व्याख्यान समजा. पण आधी हा विषय आम्हाला कसा सुचला ते सांगतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे पुण्याला गेलो होतो. घरच्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे आठ दिवसांचे बावीस दिवस झाले. घरात आणि ओट्यावर मिळून एकतीस कुंड्या. शेजारच्या मुलाकडे किल्ली दिली आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'सकाळ-संध्याकाळ पाणी घालणे'. मुलगा गुणी. त्याने एक दिवस चुकवला नाही. परत आलो तेव्हा ओट्यावरची बहुतेक झाडं टवटवीत होती. घरातली चौदा मात्र मेलेली होती. वाळून नव्हे, कुजून. कोरफडीला हात लावला तर ती बुडापासून हातात आली.

मुलगा रडवेला झाला. त्याचा दोष काहीच नव्हता. उन्हातल्या कुंडीला मे महिन्यात दोनदा पाणी लागतं आणि बंद घरातल्या, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीला आठवड्यातून एकदाही पुरतं, हे आमच्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं. त्याने कागद पाळला. चूक कागद लिहिणाऱ्याची.

तेव्हा आम्हाला आमची आई आठवली. ती कधी शाळेत गेली नाही. लहानपणी आम्ही तुळशीला तांब्या उपडा करायला लागलो की ती म्हणायची, "झाड पाहून पाणी टाक, घड्याळ पाहून नोको टाकू." आम्ही डॉक्टरेट मिळवली आणि सत्तरी ओलांडल्यावर घड्याळ पाहून पाणी घालायला सांगून बाहेरगावी गेलो. आजचं बोलणं या दोन वाक्यांच्या मधल्या अंतराविषयी आहे. एक वाक्य आईचं, एक आमच्या कागदावरचं.

आता इतिहासाकडे वळू.

आमचा जन्म इथल्याच एका धाब्याच्या घरातला. तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना ते घर डोळ्यांसमोर येईल. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खिडक्या कमी आणि लहान. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यावर तो तोडगा होता. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला तरी आतल्या खोलीत गारवा असायचा, कारण आत ऊनच येत नव्हतं. जिथे ऊन येत नाही तिथे झाड जगत नाही. म्हणून 'घरातलं झाड' ही वस्तू त्या घरात असणं शक्यच नव्हतं. झाडाची जागा अंगणात आणि परसात. अंगणात तुळस, मोगरा, कण्हेर. मागे न्हाणीचं पाणी जिथे जाई तिथे केळ, कर्दळ, अळू. सांडपाणी वाया जात नसे आणि डबकंही साचत नसे. ही योजना कुणा अभियंत्याने कागदावर काढून दिलेली नव्हती. ती घरातल्या बायकांची होती.

त्यात फक्त तुळस वेगळी. ती जमिनीत असली तरी तिला स्वतःचं घर होतं, वृंदावन. कमरेइतका चौथरा, चार कोन, एका बाजूला पणतीसाठी कोनाडा. नीट पाहिलं तर वृंदावन ही आपल्याकडची पहिली मोठी कुंडीच आहे. मोजकी माती, मोजकी जागा आणि रोज माणसाच्या हातचं पाणी. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आपण तिचं लग्न लावतो. वारीत बायका तिला डोक्यावर घेऊन पंढरपूरपर्यंत चालतात. झाडाला माणसाने घरातली व्यक्ती मानायचं म्हणजे किती मानायचं, त्याची ही मर्यादा म्हणा.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकायला हवी. बागांचा इतिहास लिहिलेला सापडतो. पेशव्यांचा हिराबाग आणि सारसबाग आपल्याला ठाऊक आहेत, नागपूरकर भोसल्यांचा महाराजबाग आजही आहे. राजाने बाग केली की तिची नोंद होते. पण रोज सकाळी एक तांब्या पाणी घालणाऱ्या बाईची नोंद कोणत्या दप्तरात आहे? घरात जिला मान नव्हता, लग्नकार्यात जिला पुढे येऊ देत नव्हते, अशी विधवा आत्या किंवा आजी तासन् तास तुळशीपाशी बसलेली आम्ही पाहिली आहे. तिच्या हाताखाली वाढलेल्या रोपाने तिला अपशकुनी म्हटलं नाही. त्या संबंधाचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण लिहिणारे हात वेगळे होते आणि पाणी घालणारे वेगळे.

बरं, 'आपली' झाडं म्हणजे तरी कोणती? दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी अमेरिका खंडातली. देवळाजवळचा पांढरा चाफा, ज्याला काही लोक खुरचाफा म्हणतात, तोही अमेरिकेतला. सोनचाफा मात्र इकडचा. दारोदारी दिसणारी सदाफुली मादागास्कर बेटावरची. कोरफड अरबस्तानातली. ही सगळी मंडळी कधीतरी गलबतातून उतरली, कुणाच्या तरी अंगणात रुजली आणि पुढे पूजेच्या ताटात जाऊन बसली. झेंडूशिवाय दसरा आपल्याला सुचत नाही. परका कोण आणि आपला कोण, हे ठरवायला पुढाऱ्यांना भाषणं लागतात. परसातल्या बाईने तो प्रश्न एक फांदी मातीत खोचून सोडवला होता.

या पाहुण्यांपैकी एकीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आमच्या आईच्या अंगणात होती. पानफुटी. पान तोडून ओल्या मातीवर टाकलं की त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात. हीही मूळची मादागास्करची. सुमारे १८१३ साली बेंजामिन हाइन नावाचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडच्या नोकरीतला एक वनस्पतिशास्त्रज्ञ बागेतलं पानफुटीचं पान चावून पाहत होता. पहाटे ते आंबट लागे, दुपारपर्यंत त्याला चव उरत नसे, संध्याकाळी थोडं कडवट लागे. त्याने ही गोष्ट लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवली आणि १८१५ मध्ये ती छापून आली. त्यामागचं कारण पुढे फार वर्षांनी उलगडलं. कोरड्या प्रदेशातल्या काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात. रात्री ती उघडून कार्बन डाय-ऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. म्हणून पहाटे पान आंबट. दिवसा ते आम्ल वापरलं जातं, म्हणून दुपारी बेचव. जीवशास्त्रातला एवढा मोठा शोध एका माणसाने जिभेवर लावला, तोही भारतातल्या बागेत.

त्याच सुमारास जर्मनीत कवी गटे याच पानफुटीच्या नादी लागला होता. तो स्वतः कुंडीत ती वाढवी आणि तिची पानं स्नेहीमंडळींना भेट म्हणून देई. एका पानात अख्खं झाड दडलेलं असतं, या कल्पनेने त्याला भुरळ घातली होती. म्हणजे बघा, आमची आई शेजारणीला पान देताना जे करत होती तेच वायमारमध्ये गटे करत होता. आईने गटे वाचला नव्हता, आणि गटेला ढाणकी ठाऊक असण्याचं कारण नाही. पान दोघांच्या हातांत तेच होतं.

झाड घराच्या आत आलं ते काचेमुळे. १८२९ साली लंडनच्या पूर्व भागात राहणाऱ्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली झाकून ठेवली. पतंग काय होतो ते त्याला पाहायचं होतं. थोड्या दिवसांनी त्या मातीतून नेच्याचं एक इवलं रोप आणि थोडं गवत उगवलं. वॉर्ड कित्येक वर्षं आपल्या अंगणात नेचे लावायचा प्रयत्न करत होता आणि शहरातल्या कोळशाच्या धुराने ते मरत होते. इथे बंद बाटलीत, कोणी पाणी न घालता, तेच झाड जगत होतं. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमे, रात्री तिचं पाणी होऊन खाली येई. बाटलीत त्याचं स्वतःचं छोटं पावसाळी चक्र तयार झालं होतं.

१८३३ मध्ये वॉर्डने अशा काचपेट्यांत झाडं घालून जहाजाने सिडनीला पाठवली. महिनोन् महिन्यांच्या प्रवासानंतर ती जिवंत पोचली. त्याआधी समुद्राच्या खाऱ्या तुषारांनी आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने वाटेतच बहुतेक रोपं मरत. काचपेटीने जगाचा वनस्पतींचा व्यापार पालटून टाकला. १८४८ पासून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. आज आपण सकाळी उठून जो कप हातात घेतो त्याच्या इतिहासात त्या बाटलीतल्या नेच्याचाही वाटा आहे. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर रद्द झाला, काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात झाडं येऊन बसली.

तीच हौस साहेबाबरोबर इकडे आली. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारी तिची फुलांची प्रदर्शनं आजही गाजतात. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. पुण्याजवळ गणेशखिंडीला १८७३ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान निघालं. तिथला अधीक्षक वुड्रो याने हिंदुस्थानातल्या बागकामावर जे पुस्तक लिहिलं त्याच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. मलाया-मोलुक्काकडचा क्रोटन, अमेरिकेच्या उष्ण भागातला डिफेनबेकिया, पश्चिम आफ्रिकेतला स्नेक प्लांट ही मंडळी बंगल्यांच्या व्हरांड्यात दिसू लागली. त्यांना सांभाळणारा माळी अर्थातच इथला.

आता याच काळाची दुसरी बाजू पाहा. व्हरांड्यातल्या क्रोटनला प्रदर्शनात बक्षीस मिळत होतं, आणि आपल्या भागातलं जंगल 'राखीव' होऊन लोकांना बंद होत होतं. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला, तो कशासाठी? राखीव जंगलातलं गवत कापण्यासाठी. गुरांच्या तोंडचं गवत कापलं म्हणून माणसं तुरुंगात गेली. ज्या संयोजकांनी आम्हाला विचारलं की जंगल जवळ असताना कुंडीवर काय बोलणार, त्यांना आमचं उत्तर हे, की जंगल जवळ असणं आणि जंगल आपलं असणं या दोन गोष्टी आहेत. माणसाच्या हातून रान जसजसं सुटत गेलं तसतशी त्याने कुंडी जवळ केली. हा निव्वळ योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही.

पुढे माणसं शहरात गेली. मुंबईच्या चाळीत अंगण कुठलं? तिथे तुळस गॅलरीच्या कठड्यावर आली, आणि ती आली डब्यात. डालडा हे वनस्पती तूप १९३७ मध्ये बाजारात आलं. तूप संपलं की त्या पिवळ्या डब्याच्या बुडाला खिळ्याने चार भोकं पाडायची, झाली कुंडी. त्या डब्यावर ताडाचं चित्र असे, म्हणजे आत तुळस आणि बाहेर ताड. रॉकेलचा डबा, फुटका माठ, तडा गेलेली घागर यांचाही असाच पुनर्जन्म होई. हौसेला बाजार लागत नाही, हे तेव्हा घरोघरी सिद्ध झालेलं होतं. आज नर्सरीत कुंडीच झाडापेक्षा महाग असते.

आणि मग आला मनीप्लांट. हा मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ या छोट्या बेटावरचा. गंमत अशी, की याला फूल जवळपास येतच नाही. फुलाशिवाय शास्त्रज्ञांना त्याचं कूळ नक्की करता येईना, त्यामुळे त्याचं शास्त्रीय नाव वारंवार बदललं. १९६० च्या दशकात एका रोपाला फूल आलं आणि प्रश्न बराचसा मिटला. २०१६ मध्ये संशोधकांनी कारणही दाखवलं: फुलोऱ्यासाठी लागणारं एक संप्रेरक तयार करणारं त्याचं जनुक काम करत नाही. म्हणजे याची वाढ होते ती फक्त फांदीतून फांदी.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं. फूल नाही, बी नाही, फक्त फांदी तोडून पाण्यात ठेवायची. मग आमच्या बाटलीतला मनीप्लांट आणि ज्याच्याकडून फांदी आणली त्याच्याकडचा मनीप्लांट, ही दोन झाडं की एकच? मिलिंद राजाला नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी जी होती तीच शेवटच्या प्रहरी असते का? तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. एक सलग प्रवाह असतो. मनीप्लांट हा असाच एक प्रवाह आहे. त्याची पहिली फांदी ज्याने बेटावरून उचलली तो माणूस केव्हाच गेला. फांदी इथवर हातोहात चालत आली.

झाडाला जाणीव असते का, हा प्रश्नही जुना आहे. ॲरिस्टॉटलने वनस्पतींना आत्मा मानला, पण सगळ्यांत खालच्या पायरीचा: पोषण आणि वाढ एवढंच त्याचं काम. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. भरद्वाज विचारतो, झाड ना पाहतं ना ऐकतं, त्याला पंचमहाभूतांचं शरीर कसं म्हणायचं? भृगू एकेक दाखला देतो. उष्णतेने पान-फूल कोमेजतं, म्हणजे स्पर्श आहे. मेघगर्जनेने फूल गळतं, म्हणजे श्रवण आहे. वेल आधाराकडे वळत जातो, म्हणजे त्याला वाट दिसते. दाखले आजच्या कसोटीला उतरतील असे नाहीत. पण पद्धत पाहा, तो झाडाकडे बघून युक्तिवाद करतो. जैन विचाराने वनस्पतींना एकेंद्रिय जीव मानून त्यांच्या हिंसेचाही हिशेब मांडला. अलीकडे जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूसारख्या झाडांवर प्रयोग करून वनस्पतींच्या प्रतिसादांचे आलेख काढले. झाडाला आपल्यासारखं मन आहे, असं आम्ही म्हणणार नाही. पण झाड प्रतिसाद देतं यात शंका नाही, आणि तो प्रतिसाद वाचणं ही पाणी घालणाऱ्याची जबाबदारी आहे.

इथे आम्हाला प्लेटो आठवतो. 'फीड्रस' या त्याच्या संवादात सॉक्रेटिस 'अडोनिसच्या बागां'चा उल्लेख करतो. अथेन्समधल्या बायका उन्हाळ्यातल्या एका सणाला मातीच्या भांड्यांत बिया पेरत. रोपं भराभर वर येत आणि तितक्याच लवकर सुकून जात. आपल्याकडे नवरात्रात घट बसवतात, नऊ दिवसांत धान्य उगवतं आणि मग विसर्जन होतं, त्याची आठवण व्हावी अशी ही प्रथा. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की शहाणा शेतकरी आपलं मोलाचं बियाणं अशा चार दिवसांच्या बागेत पेरणार नाही. आणि हे तो कशाच्या संदर्भात बोलतो? लेखनाच्या. लिहिलेला शब्द दिसतो जिवंत, पण त्याला प्रश्न विचारला तर तो गप्प राहतो, पुन्हा पुन्हा तेच सांगतो.

आमच्या कागदाचं नेमकं हेच झालं. मुलाने पाणी घालताना माती ओली पाहिली असणार. त्याला शंका आली असणार. पण कागद काय सांगणार? 'सकाळ-संध्याकाळ पाणी घालणे.' हा संवाद आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. तो कळला मात्र मेलेल्या चौदा झाडांपुढे उभं राहिल्यावर.

मग आम्ही काय शिकलो ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडची काळी माती कापसाला सोनं, पण कुंडीत तीच वैरीण. ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं. म्हणून कुंडीत एक भाग काळी माती, एक भाग रेती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडी शक्यतो कुंभाराची, कारण भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी उडतं आणि मुळं गार राहतात. बुडाला भोक हवंच. पाणी घालण्याआधी बोटाचं एक पेर मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवायचा. घरातली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नये. मनीप्लांट आणि डिफेनबेकिया हे आपल्या अळवाच्या आणि सुरणाच्या कुळातले. कच्चं अळू घशाला जसं खाजतं त्याहून वाईट त्रास यांची पानं चघळल्यावर होतो, तेव्हा रांगतं मूल घरात असेल तर कुंडी उंचावर हवी.

आणि एवढं करून झाडं मरतातच. तेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे मोगरा तीनदा गेला.

मुलगा म्हणतो, आता पुरे करा, दोघं पुण्याला या, बादल्या उचलायचं वय आहे का तुमचं? त्याचं बरोबर आहे. जे जीव सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहेत ते सत्तरीनंतर वाढवावेत का, हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. अंगणातल्या झाडाचं आभाळ बघून घेतं. कुंडीतल्या झाडाचं आभाळ म्हणजे आपण. आभाळाला सुट्टीवर जाता येत नाही, आणि आम्हाला तर एक दिवस कायमचंच जायचं आहे.

आम्ही दोघांनी त्यावर ठरवलं ते असं. कुंड्या निम्म्या करायच्या. ज्या द्यायच्या त्या नुसत्या द्यायच्या नाहीत, घेणाऱ्याला चार वेळा घरी बोलवायचं, बोट मातीत घालायला लावायचं, पान हातात घेऊन दाखवायचं. शेजारचा तो मुलगा आता रोज संध्याकाळी येतो. परवा त्याने आम्हाला थांबवलं: "आजोबा, नका टाकू, अजून ओलं आहे." आमच्या पाठीवरचं ओझं त्या दिवशी खरोखर हलकं झालं.

आईची पानफुटी त्या बावीस दिवसांत वाचली होती. ती ओट्यावर होती म्हणून. तिची काही पानं आम्ही आज ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आहेत. जाताना ज्यांना हवी त्यांनी घ्या. लिहून काही देणार नाही; कसं लावायचं ते विचारा, सांगतो.



(व्याख्यानानंतर झालेली प्रश्नोत्तरे)

प्रश्न : घरात झाडं ठेवली की हवा शुद्ध होते म्हणतात. तुळस रात्रीही ऑक्सिजन देते, हे खरं का?

उत्तर : तुळशीवरचं प्रेम आमचंही कमी नाही, पण रात्री ती इतर झाडांसारखीच ऑक्सिजन घेते. पानफुटी, कोरफड, स्नेक प्लांट रात्री कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, पण एका कुंडीने खोलीच्या हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. १९८९ मध्ये नासाने जे प्रयोग केले ते लहान, हवाबंद पेट्यांत होते. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात असं दिसलं, की खिडकी-दारातून सहज होते तेवढी हवेची सफाई झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडं लागतील. मग आपल्याला अंगणात झोपावं लागेल. हवेसाठी खिडकी उघडा. झाड झाडासाठी ठेवा.

प्रश्न : मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो, असं आमच्याकडे म्हणतात.

उत्तर : (हसून) तो कसाही लागतो. मागितला तर देणारा दोन गोष्टी सांगतो, चोरला तर त्या ऐकायच्या राहतात. एवढाच फरक.